पांढऱ्या पायाची परी

आमच्या हॉल्मथॉर्पमध्ये देव मानणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजावीत. रविवारी चर्चमध्ये जेमतेम दोन बाक भरतात. पण अपशकुन मानायचा म्हटलं की सगळं गाव एका पायावर तयार. आणि एकदा अपशकुनाला माणसाचं नाव चिकटलं की ते धुऊन काढायला समोरचा अख्खा उत्तर समुद्र पुरत नाही. मग ते नाव नऊ वर्षांच्या पोरीचं का असेना.

पोरीचं नाव लीॲन ग्रमिट. तिची आई मॅंडी सकाळी किनाऱ्यावरच्या कॅरॅव्हॅन पार्कात, पाहुण्यांच्या चाकांवरच्या घरांत, चादरी बदलायची आणि संध्याकाळी कोरोनेट थिएटरच्या बारमध्ये ग्लास भरायची. बाप समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला आणि सुट्टीला परत येताना ॲबर्डीनमध्ये भलत्याच घरात शिरला, तो तिथलाच झाला. मायलेकी चिप्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. पोरीच्या शाळेच्या कोटालासुद्धा तळणीचा वास यायचा. पण पोर नाचायला लागली की तो वास कुणाच्या लक्षात राहत नसे.

उन्हाळ्यात पाहुणे येतात म्हणून आमच्या गावाला पोट आहे. हिवाळ्यात नुसता वारा. त्या वाऱ्यात ऊब एकच, कोरोनेटमधलं नाताळचं पँटो, म्हणजे पोराटोरांसाठीचं गाण्यानाचाचं धमाल नाटक. पुरुष घोळदार झगा घालून म्हातारी होतो, परी उजवीकडून येते, दुष्ट डावीकडून येतो, आणि पोरं खुर्च्यांवर उभी राहून त्याच्या नावानं बोंब मारतात. कहाणी दरवर्षी वेगळी, म्हातारी मात्र तीच, नॉर्मन स्टॅनिफोर्थ. मॅंडी फ्रॉकात होती तेव्हापासून नॉर्मनच म्हातारी. त्याच्या हातात गुलाबाची फुलं रंगवलेली ही एवढी मोठी चहाची किटली असायची. दर प्रवेशात तो तिच्यातून कपात ओतून प्यायचा आणि म्हणायचा, चहाशिवाय माझं पान हलत नाही. झालं, सगळं थिएटर हसून लोळायचं.

पँटोत गावातल्या नाचाच्या शाळेची मुलं असतात. त्यांना पिल्लं म्हणतात. शाळा मिस पॉलीनची. पाठीचा कणा छत्रीच्या दांड्यासारखा ताठ आणि जीभ त्याच छत्रीच्या टोकासारखी. तिच्या पिल्लांत निवड होणं म्हणजे आमच्याकडे मेडल मिळण्यासारखं. लीॲन नवव्या वर्षी निवडली गेली आणि सगळ्यांत बुटकी म्हणून अगदी पुढच्या रांगेत उभी राहिली. मॅंडीनं बारमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दोनदोनदा सांगितलं.

आता पँटोवाल्यांचा एक नेम आहे. खेळाच्या शेवटी परी दोन ओळी म्हणते आणि पडदा पडतो. त्या दोन ओळी तालमीत म्हणायच्या नाहीत. खेळ तालमीतच पुरा केला तर प्रेक्षकांपुढे तो पुरा होत नाही, असं म्हणतात. म्हणून परी त्या जागी येऊन थांबते, 'तारारा तारारा' म्हणते, आणि सगळे समजून घेतात. पहिल्या खेळाला, भरल्या थिएटरात, त्या ओळी पहिल्यांदा उच्चारायच्या. हा नेम सगळ्यांना ठाऊक असतो. पिल्लांना तो सांगायचं काम मिस पॉलीनचं, आणि त्या वर्षी ती सांगायला विसरली.

तिनं पिल्लांना दुसरीच एक गोष्ट घोटून शिकवली होती. रंगमंचावर कुणी अडखळलं तर हसायचं नाही, त्याला सावरायचं. रंगीत तालमीत परी शेवटच्या जागी आली, थांबली, तारारा म्हणाली. लीॲनला वाटलं, बिचारी ओळ विसरली. तिनं ती परीच्या टेबलावरच्या कागदात वाचली होती आणि तिला ती फार आवडली होती. तिनं खणखणीत आवाजात सावरून घेतलं:

काळोखाची सरली सत्ता, उजळून गेली रात,
सुखात जा रे घरी मुलांनो, हातामध्ये हात.

सगळे जागच्या जागी थिजले. परी बाईंनी तोंडावर हात घेतला. कोरोनेटचा मॅनेजर डेस्मंड पिकवेल पाचव्या रांगेतून उठून उभा राहिला. नॉर्मन तेवढा किटलीवर हात ठेवून हसला आणि म्हणाला की चला, सगळी इन्शुरन्सची कागदपत्रं काढून ठेवा. लीॲनला वाटलं आपलं कौतुक होतंय, म्हणून तीही हसली.

दुसऱ्या दिवशी पहिला खेळ. शेवटी सगळी पात्रं मोठ्या जिन्यावरून एकेक करून खाली येतात, नमस्कार करतात, आणि नॉर्मन सगळ्यांत भव्य झगा घालून शेवटी उतरतो. तो उतरायला लागला, आणि तिसऱ्या पायरीवरून जो घसरला तो थेट पिल्लांच्या पायाशी येऊन पडला. लोक हसले. त्यांना वाटलं, हाही विनोदच. मग नॉर्मनचं ओरडणं थांबेना तेव्हा पडदा पाडला. खुब्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. नॉर्मन पुन्हा कधी रंगमंचावर चढला नाही, त्या नाताळचे बाकीचे खेळ रद्द झाले, आणि पुढची दोन वर्षं कोरोनेटला पँटो झालं नाही.

हे असं का झालं, याचं उत्तर गावाला संध्याकाळच्या आतच सापडलं. ग्रमिटची पोर. तिनं ओळी म्हटल्या. आठवडी पेपरनं तिचा शाळेतला फोटो छापला आणि वर गमतीदार मथळा दिला. गंमत म्हणे. नऊ वर्षांची पोर पांढऱ्या पायाची ठरवायची आणि तिला गंमत म्हणायचं.

मिस पॉलीननं मॅंडीला बोलावून सांगितलं की इतर आयांचं म्हणणं पडलंय, लीॲननं काही दिवस येऊ नये. आपण नेम सांगायला विसरलो हे बोलायला मात्र तिची जीभ वळली नाही. शाळेत पोरं लीॲन समोरून आली की अपशकुन टळावा म्हणून बोटावर बोट चढवायची. सहलीची बस बंद पडली की मागून आवाज यायचा, ग्रमिट बसलीय का रे आत? फुटबॉलच्या मॅचला तिला आणू नका, असं एका खेळाडूच्या बापानं बारमध्ये येऊन मॅंडीला सांगितलं. हसत हसत सांगितलं. हसत सांगितलेल्या गोष्टीला उलट उत्तर देता येत नाही, हीच तर त्यातली हलकटगिरी.

आणि पोरीला ते खरं वाटत होतं, हे सगळ्यांत वाईट. ती दर डिसेंबरात स्वतःच्या हातानं एक कार्ड रंगवायची, त्यावर किटली काढायची आणि नॉर्मनला पाठवायची. आत लिहायची, मला माफ करा. उत्तर कधी आलं नाही. तिला वाटायचं, बरोबर आहे, कसं येईल? त्यांचं हाड आपण मोडलंय.

मॅंडीनं एक केलं. दर शनिवारी ती लेकीला बसनं लिंकनला घेऊन जायची. तिथं एक नाटकाचा वर्ग होता, तिथं ग्रमिट नावाचा कुणाला धसका नव्हता. वर्ग संपेपर्यंत मॅंडी बाहेरच्या पॅसेजमध्ये कोट न काढता बसून राहायची. लीॲन मोठी झाल्यावर सगळ्यांना सांगायची, गाव माझ्या विरुद्ध होतं, पण माझी आई माझ्या बाजूनं होती.

मॅंचेस्टरच्या नाट्यशाळेत ती अठराव्या वर्षी गेली. तिथल्या एका शिक्षकानं तिला राणीचा संताप करून दाखवायला सांगितला. तिनं केला, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं आपली खुर्ची मागे सरकवली. शिक्षक म्हणाला, हा राग कुठून आणलास ते विचारत नाही, पण जपून ठेव, कामाला येईल. कामाला आला नाही. बाहेर पडल्यावर लीॲनला मिळालं ते काय, तर हॉस्पिटलच्या मालिकेत एक प्रेत, वेफर्सच्या जाहिरातीत एक बटाटा, आणि रस्ता कसा ओलांडावा हे शाळाशाळांतून शिकवणाऱ्या नाटकात झेब्रा. प्रेताच्या वेळी दिग्दर्शक तिला म्हणाला होता, फार जोरात श्वास घेतेस.

एकदा लंडनला खेड्यातल्या मुलीच्या भूमिकेसाठी तिला बोलावलं. निवडणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला की आवाजाला जरा चिखल लागलाय. ती भूमिका लंडनच्या एका बड्या घरच्या पोरीला गेली. लंडनची पोर खेडवळ बोलली तर ती कला, आणि लीॲन मुळातच तशी बोलते म्हणून तो दोष. कोणत्या तराजूत तोलतात हे लोक कुणास ठाऊक.

लीॲन पंचवीस वर्षांची असताना तिला कोरोनेटमधून फोन आला. डेस्मंड पिकवेल स्वतः बोलत होता, आवाजात लोणी. या वर्षी पँटोमध्ये परी तू. जुनं सगळं विसरू, गावाला आपली मुलगी परत हवी आहे. लीॲन फोन ठेवून भाड्याच्या खोलीत जमिनीवर बसली आणि रडली. गावानं माफ केलं होतं. तिनं आईला फोन केला. मॅंडी म्हणाली, नको गं जाऊस तिथं, दुसरं काम मिळेल. लीॲनला वाटलं, आई आपल्या काळजीनं बोलतेय. तिनं करारावर सही केली.

गावात उतरली तर स्टेशनच्या भिंतीवरच तिचं चित्र. हातात जादूची छडी, खांद्यावर काळी मांजर, मागं मोडलेली पायरी. आणि वर ही एवढाली अक्षरं: शापित परी परत आली! यंदा कुणाची तंगडी मोडणार?

ती तशीच बॅग घेऊन पिकवेलच्या खोलीत गेली. तिनं विचारलं, हे काय आहे. पिकवेल खुर्चीत मागं रेलला आणि त्यानं तिला समजावलं की चिडण्यासारखं काय आहे त्यात, अर्धी तिकिटं आजच खपली आहेत, पेपरवाला रोज फोन करतोय.

"मला परी म्हणून बोलावलंत ना तुम्ही?"

"पऱ्या ढिगानं मिळतात, लीॲन. तुला कोण ओळखतं? बटाटा म्हणून की प्रेत म्हणून? या गावात तुला ओळखतात ते यासाठी. जे आहे ते वापरावं माणसानं."

तिच्या तोंडात आलेली शिवी तिनं गिळली. करार झाला होता, आणि आपण पळून गेलो तर गाव म्हणेल, बघा, तिलाच स्वतःची भीती वाटते. तालमी सुरू झाल्या. पिल्लांच्या आया तिला पाहून मुलांना जवळ ओढायच्या. मिस पॉलीन आता काठी घेऊन चालायची, पण कणा तसाच. तिनं लीॲनला एवढंच सांगितलं की माझ्या मुलांपासून जरा अंतर ठेवून उभी राहा.

बारमध्ये मॅंडी अजून होती. तिच्या डोक्यावरच्या फळीवर, काचेच्या पेटीत, नॉर्मनची किटली ठेवलेली होती आणि खाली पितळी पाटी. लोक किटलीसोबत फोटो काढायचे. पेटी पुसायचं काम मॅंडीचं. इतकी वर्षं ती दर सोमवारी ती पुसत आलेली.

रंगीत तालमीच्या आदल्या दुपारी लीॲननं ठरवलं की नॉर्मनला भेटायचं. समोरासमोर माफी मागायची आणि या भुताला एकदाचं पुरायचं. तिनं मिन्स पाय, नाताळातल्या सुक्या मेव्याच्या गोड पुऱ्या, घेतले आणि किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात गेली. नॉर्मन खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता, वाळलेला, पण डोळ्यांत तोच पाजीपणा. तिनं नाव सांगितलं तसा तो खुलला. म्हणाला, कार्डं पाठवणारी ना तू, फार गोड असायची, इथल्या नर्सेसना मी दाखवायचो. लीॲननं पाठ केलेली माफी मागायला सुरुवात केली तर तिला मध्येच तोडून तो पुढं वाकला.

"ते मिन्स पाय राहू दे. जिन आणलीस का? इथं थेंब देत नाहीत मेले. तुझ्या आईला सांग, किटली भरून दे म्हणावं, पूर्वीसारखी."

लीॲनला कळलं नाही. तिनं विचारलं, कसली किटली.

"अगं, माझी किटली. तुझी आई काय भरायची, वा! जिन निम्म्याच्या वर, आणि रंगापुरता चहा. त्या दिवशी दोनदा भरून घेतली होती. पहिला खेळ ना. जिना उतरायला लागलो तेव्हा मला पायऱ्यांच्या ठिकाणी नुसती घसरगुंडी दिसत होती." तो हसला, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. "तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, मॅंडीनं सांगितलं असेल. दारूचं कळलं असतं तर विमा कंपनीनं मला किंवा थिएटरला दमडी दिली नसती. पिकवेल म्हणाला, लोक त्या पोरीचं बोलतायत तर बोलू देत, लहान आहे, विसरून जाईल."

"मी दरवर्षी तुमची माफी मागत होते."

"हो ना. मला वाईट वाटायचं एकेकदा," नॉर्मन म्हणाला आणि त्यानं मिन्स पाय उचलला.

त्याच्या तोंडात मिन्स पायचा तुकडा असतानाच लीॲन उठून बाहेर पडली. आणखी थोडा वेळ थांबली असती तर तिच्या हातून काही बरंवाईट झालं असतं. समोर समुद्र होता, वारा तोंडावर वाळू मारत होता, आणि ती कॅरॅव्हॅन पार्काकडे जवळजवळ धावत निघाली.

मॅंडी एका रिकाम्या कॅरॅव्हॅनमध्ये हिवाळाभर धूळ बसू नये म्हणून गादीवर चादर घालत होती. लीॲन दारात उभी राहिली आणि तिनं एवढंच विचारलं की किटलीत काय होतं. मॅंडीच्या हातातली चादर तशीच राहिली. तिनं नाही म्हटलं नाही. ती गादीच्या कडेला बसली आणि बोलायला लागली, हळू आवाजात, जणू बाजूच्या रिकाम्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणी ऐकत होतं. पिकवेलनं तिला सांगितलं होतं, तोंड उघडलंस तर किटली भरणारीही तूच होतीस हे लक्षात ठेव. नोकरी गेली असती. या गावात हिवाळ्यात दुसरी नोकरी कुठं होती? आणि दोन आठवड्यांत लोक विसरतील असं सगळे म्हणत होते.

"आणि विसरले नाहीत तेव्हा?"

"तेव्हा उशीर झाला होता."

"कुणाला? मी नऊ वर्षांची होते, आई. मी रात्री देवाला सांगायचे, माझं हाड मोड पण त्यांचं जोड. तू शेजारच्या पलंगावर होतीस. ऐकत होतीस."

"मी तुला दर शनिवारी लिंकनला घेऊन गेले," मॅंडी म्हणाली. "पावसात, थंडीत. एक शनिवार चुकवला नाही."

"मला वाटायचं, तुझा माझ्यावर विश्वास आहे म्हणून नेतेस. तू दंड भरत होतीस. आणि तोही मला न सांगता, म्हणजे मी तुझे उपकार मानत राहावं."

मॅंडी रडायला लागली. लीॲनला तिच्या रडण्याचाही राग आला. आईच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटण्याची तिची सवय होती, आणि त्या सवयीचाही राग आला. गावाचं एक वेळ समजू शकतं. गाव म्हणजे गाढवांचा बाजार. पण ज्या एका माणसाच्या भरवशावर ती गावाशी लढली, तेच माणूस गावाला दारूगोळा पुरवत होतं. ती निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगीत तालीम. पिकवेलनं मुद्दाम पेपरवाल्याला बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेवटची जागा आली. लीॲन पुढं आली, थांबली. मागे कुणीतरी आधीच 'तारारा' गुणगुणून हसलं. पिल्लांच्या पुढच्या रांगेतल्या पोरीनं बोटावर बोट चढवलं.

लीॲननं त्या दोन ओळी म्हटल्या. पूर्ण म्हटल्या, एकेक शब्द सुटा करून, बाल्कनीच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात. मॅंचेस्टरच्या शिक्षकानं जपून ठेवायला सांगितलेला तो सगळा राग त्यांत होता. मुलांनी सुखात घरी जावं, हे असं कुणी आजवर धमकी दिल्यासारखं म्हटलं नसेल.

एकच गोंधळ उडाला. खलनायक करणारा दांडगा गडी विंगेत जाऊन बसला. मिस पॉलीन काठी आपटत पुढं आली आणि ओरडली की उद्या माझं एकही मूल चढणार नाही. पेपरवाला भराभरा लिहीत होता. पिकवेल वरवर दोन्ही हात डोक्याला लावत होता, पण त्याचे डोळे काही लपत नव्हते. मूल न चढवण्याचं मिस पॉलीनचं बोलणंही संध्याकाळपर्यंत विरलं, कारण आयांनी आपापल्या नातेवाइकांची तिकिटं काढून ठेवली होती.

पहिल्या खेळाला मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुपारचा खेळ, तरी बंदरावरची माणसं कामं टाकून आली. खोटं कशाला बोला, गाव पँटो बघायला आलंच नव्हतं. कुणीतरी पडेल म्हणून आलं होतं. एरवी पोरांना पाय पुढं टाकताना जपा म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा जिना नीट दिसावा म्हणून मधल्या खुर्च्या मागत होत्या. शेवटी पात्रं एकेक करून उतरायला लागली तसं सगळं थिएटर पुढं सरकून बसलं. पिल्लं उतरली. खलनायक कठडा धरून उतरला. नवी म्हातारी उतरली, भव्य झगा सावरत, नमस्कार करून बाजूला झाली. आधीच उतरलेली लीॲन पुढं आली आणि तिनं दोन ओळी म्हटल्या. पडदा पडला.

काही झालं नाही. साधं टाचेखाली झग्याचं टोकसुद्धा आलं नाही. टाळ्या पडल्या, पण त्यांत जरा निराशा होती, हे आमच्या गावाच्या तोंडावर सांगायला मला लाज वाटत नाही.

सगळे बारमध्ये जमले. पिकवेल पेपरवाल्याला सांगत होता की अजून पुष्कळ खेळ बाकी आहेत, काय सांगावं. मिस पॉलीन आयांच्या घोळक्यात बसली होती. मॅंडी मान खाली घालून ग्लास भरत होती. तेवढ्यात लीॲन आली, परीच्या पोशाखातच, पंखांसकट. लोक बाजूला झाले, काही भीतीनं, काही कौतुकानं. ती सरळ काउंटरशी गेली, बाजूचं स्टूल ओढून त्यावर चढली, काचेची पेटी उघडली आणि गुलाबाची किटली काढून आईच्या पुढ्यात ठेवली.

"भरून दे," ती म्हणाली. "नॉर्मनला द्यायचीस तशी."

पिकवेल लगबगीनं पुढं आला आणि हसत म्हणाला की ही जुनी वस्तू आहे, तडकेल, मॅंडी, ठेव ती वर. मॅंडीनं त्याच्याकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. डाव्या हाताला चहाचं यंत्र होतं. नुसता चहा भरून ती किटली पुढं सरकवू शकली असती, कुणाला काही कळलं नसतं, आणि लीॲनही पुढं एक शब्द बोलली नसती. बोलायचं नाही, हे तिनं ठरवूनच ठेवलं होतं. तिचं बोलणं गावानं एकदा ऐकलं होतं, आणि त्याचं काय केलं ते तिनं पाहिलं होतं.

"मॅंडी, उद्यापासून काम नको असेल तर तसं सांग," पिकवेल हळूच म्हणाला.

मॅंडीचा हात मागं गेला. मागं न बघता तिनं जिनची हिरवी बाटली उचलली, झाकण अंगठ्यानं उडवलं आणि ओतायला लागली. निम्म्याच्या वर गेली तरी ओतत राहिली. मग चहाचा एक घोट, रंगापुरता. झाकण लावून दोनदा गोल फिरवली. कधी काळी रोज केलेलं काम हाताला कसं येतं, तसं झरझर. सगळा बार बघत होता. ज्यांनी नॉर्मनला वर्षानुवर्षं त्या किटलीतून पिताना बघून हसून घेतलं होतं, ते सगळे.

लीॲननं किटली उचलली, मिस पॉलीनच्या टेबलाशी नेली आणि तिच्या रिकाम्या कपात ओतली. मिस पॉलीननं कप नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. तिच्या ताठ कण्याला त्या दिवशी पहिल्यांदा बाक आलेला आयांनी पाहिला.

मागून मॅंडीचा आवाज आला, मोठा, चिरका, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मी भरायचे. त्या दिवशी दोनदा भरली होती. माझ्या पोरीनं काही केलं नाही."

लीॲननं मागं वळून पाहिलं नाही. हेच वाक्य ऐकण्यासाठी ती नऊ वर्षांची असताना दारामागे उभी राहायची, आई खाली चिप्सच्या दुकानात बायकांशी बोलत असायची तेव्हा. आता ते आलं होतं, आणि तिला त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. तिनं किटली टेबलावर ठेवली, पंख काढून हातात घेतले आणि ती कपडे बदलायला आत गेली. संध्याकाळचा खेळ होता.